फाटकापासून गोकुळपेठेपर्यंत : एका बॅटरी स्कूटरचे प्रकरण

या प्रकरणातील बाई नागपूरच्या धरमपेठ भागात राहतात. वय ६८, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त. गल्लीत आणि घरीही सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा दुबळा राहिला. शाळेपासून पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा) आणि उजव्या हाताशी कुबडी, आणि नोकरीच्या बहुतेक वर्षांत मागे दोन जादा चाके लावलेली पेट्रोलची स्कूटर, असे त्यांचे चालणे-फिरणे होते. साठीनंतर उजवा खांदा दुखू लागला, कुबडीवर वीस-पंचवीस पावलांपलीकडे जाणे जड होऊ लागले, आणि ज्या पायावर आयुष्य काढले त्या उजव्या, चांगल्या पायातही संध्याकाळपर्यंत त्राण उरेनासे झाले.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यामुळे हा आजार इतिहासजमा झाला असे आपण धरून चालतो. पण लहानपणी पोलिओ झालेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे, आणि मूळ आजारानंतर अनेक वर्षांनी स्नायूंमध्ये नव्याने येणारा अशक्तपणा, ज्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात, तो याच वयात त्रास देतो. या रुग्णांना ‘अजून थोडे चाला, व्यायामाने जोर येईल’ असा सल्ला सरसकट देणे चुकीचे ठरते, कारण उरलेले स्नायू आधीच दुप्पट काम करून थकलेले असतात. त्यांची शक्ती राखून वापरावी लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रुग्णाला रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी म्हणून, मॅडमना पहिल्यांदा भेटले तेव्हा मी हेच सांगितले, आणि त्यांनी शांतपणे विचारले, “राखलेल्या शक्तीचं करायचं काय, घरातच बसायचं?” त्यांना गोकुळपेठेच्या बाजारात स्वतः जाऊन भाजी निवडून घ्यायची होती. पुढचे सगळे निर्णय या एका मागणीभोवती झाले.

पहिली गाडी

मी या प्रकरणात येण्यापूर्वीच घरात एक गाडी येऊन गेली होती. बंगळुरूला असलेल्या मुलाने आईसाठी आवडीने घेतलेली ती चार चाकांची, बॅटरीवर चालणारी लहान स्कूटर होती. तिचे चार-पाच भाग सुटे होत, ते मोटारीच्या डिकीत बसत. विमानतळावर किंवा मॉलमध्ये ती उत्तम चालली असती. चाके लहान आणि भरीव रबराची, त्यामुळे पंक्चरची चिंता नव्हती. तिचे पोट मात्र जमिनीपासून जेमतेम पाच सेंटिमीटर उंच होते.

दहाव्या दिवशी, घरापासून शंभर पावलांवरच्या गतिरोधकावर ती अडकली. रस्ता-रचनेच्या भारतीय मानकात सांगितलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असला तरी ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चाक त्यावरून हळूहळू चढते आणि उतरते. गल्लीतला गतिरोधक उंचीला तेवढाच, पण रुंदीला हातभरच होता. पुढची चाके उतरली, मागची चढायची राहिली आणि गाडीचे पोट मधोमध टेकले. एक मागचे चाक अधांतरी राहून गरगर फिरू लागले आणि दुसऱ्याला जोरच मिळेना, कारण मागच्या आसातील डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा भाग, मोकळ्या चाकालाच फिरवत राहतो. शेजारचा भाजीवाला आणि एक विद्यार्थी ढकलायला धावले, पण मॅडमनी हँडलवरचा गती देणारा खटका सोडताच चाके घट्ट झाली आणि गाडी जागची हलेना. अशा स्कूटरचा ब्रेक विजेवर सुटतो आणि वीज नसली की लागतो, त्यामुळे हात काढला की गाडी आपोआप जखडली जाते. ढकलायची असेल तर सीटखाली मागच्या बाजूला असलेला दुसरा खटका पाडून मोटार चाकांपासून सोडवावी लागते. तो खटका बसलेल्या माणसाच्या हाताला पोचत नव्हता, आणि तो तिथे आहे हे विकणाऱ्याने कुणाला सांगितलेलेही नव्हते. शेवटी चौघांनी मॅडमसकट गाडी उचलून बाजूला ठेवली. त्यानंतर पाच महिने ती गाडी चादर पांघरून दिवाणखान्यात उभी होती.

हा प्रसंग मला मॅडमनी पहिल्याच भेटीत, काहीही न लपवता सांगितला. ‘चौघांनी उचललं’ हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. ज्या बाईने कॅलिपर लावून वर्षानुवर्षे महाविद्यालयाचे जिने चढले, तिला भर रस्त्यात उचलले जाणे किती लागले असेल, हे लक्षात घेतल्याशिवाय दुसऱ्या गाडीचा विषय काढता आला नसता. म्हणून पहिल्या दोन भेटींत आम्ही कोणतेही माहितीपत्रक उघडले नाही, रस्ता मोजला.

रस्त्याची मोजणी

पलंगापासून व्हरांड्यापर्यंत मॅडमची अकरा पावले होतात, आणि तेवढी त्या कुबडी घेऊन सहज चालतात. त्यामुळे गाडी घरात फिरवायचीच नाही, ती जाळीच्या व्हरांड्यात राहील, हे ठरले आणि घराची दारे रुंद करण्याचा मोठा खर्च टळला. व्हरांड्याला १४ सेंटिमीटरची एक पायरी होती. खरी अडचण फाटकापाशी होती. नागपुरात गेल्या काही वर्षांत आतले अनेक रस्ते सिमेंटचे झाले आणि बऱ्याच जुन्या घरांची अंगणे रस्त्यापेक्षा खाली गेली. मॅडमचे अंगण रस्त्याच्या पातळीपासून ३५ सेंटिमीटर खाली गेले होते, आणि कंत्राटदाराच्या माणसांनी फाटकाशी जो सिमेंटचा उतार ओढून दिला होता त्याची लांबी फक्त १८० सेंटिमीटर होती. म्हणजे चढ सुमारे अकरा अंशांचा. लहान स्कूटरला साधारण सहा ते आठ अंशांचा चढ झेपतो. त्याहून उभ्या चढावर मोटार तापते, आणि माणसाचे वजन मागे झुकून गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेसाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रँपसाठी १ : १२ हे प्रमाण दिले आहे, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. खासगी घराला ते बंधनकारक नसले तरी आम्ही तेच धरले. व्हरांड्याच्या पायरीला १६८ सेंटिमीटर आणि फाटकाला ४२० सेंटिमीटर लांबी लागणार होती, आणि अंगण तेवढे लांब होते. रुंदी १२० सेंटिमीटर ठेवली, दोन्ही कडांना वीतभर उंच नव्हे पण चाक अडेल एवढी कठडी घेतली आणि पृष्ठभागावर झाडूने आडव्या रेघा ओढून घेतल्या. रस्ता उंच असल्याने पावसाचे पाणी रँपवरून अंगणात येणार हे उघड होते. म्हणून पायथ्याला आडवी नाली काढून तिच्यावर लोखंडी जाळी बसवली. मिस्त्रीने जाळीच्या पट्ट्या गाडीच्या दिशेने, उभ्या लावल्या होत्या. त्या काढून आडव्या लावायला सांगाव्या लागल्या, कारण उभ्या फटीत पुढचे अरुंद चाक शिरले तर हँडल हातातून निसटते. रँपच्या कामाला नऊ दिवस लागले आणि मग गाडीचा शोध सुरू झाला. हा क्रम मी आता कुणालाही बदलू देत नाही.

दुसऱ्या गाडीची निवड

पहिला प्रश्न स्कूटर की बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर, हा होता. व्हीलचेअर एका बोटाच्या जॉयस्टिकवर चालते आणि कमी जागेत वळते. स्कूटरला दोन्ही हात पुढे धरून हँडल वळवावे लागते, ताठ बसण्यासाठी कमरेत जोर लागतो आणि चढता-उतरताना निदान उभे राहता यावे लागते. मॅडमना उभे राहता येत होते आणि कंबर पुरेशी मजबूत होती, पण उजवा खांदा दुखरा होता. त्यामुळे निर्णय कागदावर घेता येईना. मी विक्रेत्याकडे गाडी घरी आणून दाखवण्याची अट घातली. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोन मिनिटे फिरवून कोणाचाच खांदा दुखत नाही. घराभोवतीच्या गट्टूंच्या रस्त्यावर वीस मिनिटे चालवल्यावर काय होते, ते महत्त्वाचे. दोन विक्रेत्यांनी नकार दिला, तिसऱ्याने गाडी टेम्पोत घालून आणली.

पहिल्या चाचणीत सोळाव्या मिनिटाला मॅडमनी खांद्यावर हात ठेवला. हँडल फार पुढे होते, कोपर सरळ राहत होते आणि गती देणारा खटका उजव्या अंगठ्याने सतत दाबून ठेवावा लागत होता. हँडलचा दांडा मागे झुकवून कोपर शरीराजवळ आणले, सीट पुढे सरकवली आणि हातांना पकडदांड्यावर टेकण्याची जागा मिळेल असे बसवले. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत पंचवीस मिनिटे तक्रार आली नाही. खटका डाव्या बाजूच्या बोटांनीही ओढता येतो, हा त्या स्कूटरचा आम्हाला नंतर कळलेला गुण ठरला. आता त्या अर्धी वाट उजव्या आणि अर्धी डाव्या हाताने चालवतात.

तीन चाकी घ्यावी की चार चाकी, यावर घरात बरीच चर्चा झाली. तीन चाकी कमी जागेत वळते आणि पुढे पाय ठेवायला जागा जास्त असते. कॅलिपरमुळे मॅडमचा डावा पाय गुडघ्यात पूर्ण दुमडत नाही, म्हणून मुलाचा कल तिकडे होता. पण धरमपेठेतल्या रस्त्यांना कडेकडे उतार आहे, आणि सिमेंट रस्त्याच्या कडेला जिथे माती खचली आहे तिथे तीन चाकी कलंडण्याची भीती जास्त. मी चार चाकांचा आग्रह धरला आणि पाऊलपाट लांब असलेले मॉडेल शोधले. पोट जमिनीपासून १२ सेंटिमीटर उंच, चाके हवेची आणि मोठी, भार पेलण्याची क्षमता १३६ किलो, सीट दोन्ही बाजूंना फिरून मध्येच घट्ट बसणारी. सीट फिरण्याची सोय किरकोळ वाटते, पण मॅडमच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी: आडवे फिरून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, कुबडी हातात घेऊन उभे राहता येते, हँडल ओलांडून पाय काढावा लागत नाही.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट सांगायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरी वाहनाच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, आणि अधिकृत चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले आहे, त्याला मोटार वाहन धरले जात नाही. विक्रेते यातला पहिला भाग मोठ्याने सांगतात आणि प्रमाणपत्राचा भाग वगळतात. आम्ही कागद हातात आल्यावरच आगाऊ रक्कम दिली. बिलावरचा जीएसटीही तपासावा. अपंगांच्या गाड्या ८७१३ या शीर्षकाखाली येतात आणि त्यांना ५ टक्के दर लागतो.

पहिले वर्ष

गाडी आली त्या दिवशी मी सीटखालच्या खटक्याला लाल पट्टी चिकटवली आणि त्याच्याशेजारी मराठीत आणि हिंदीत लिहिले: ‘ढकलायची असल्यास खटका खाली. बसण्याआधी खटका वर.’ खाली असताना गाडीला ब्रेकच नसतो, म्हणून उतारावर तो कधीही पाडायचा नाही, हे भाजीवाल्यापासून चौकातल्या ऑटोचालकांपर्यंत सगळ्यांना मॅडमनी स्वतः दाखवले.

पहिल्या महिन्यात त्या गोकुळपेठेत गेल्या. परत आल्या तेव्हा पुढच्या टोपलीत अंबाडीची जुडी आणि गवार होती. गवार कोवळी आहे का, हे पाहायला त्यांनी प्रत्येक शेंग मोडून पाहिली होती, आणि फोनवर मला त्याच सांगण्यात दहा मिनिटे गेली. सकाळी सात ते नऊ ही वेळ ठरली. मे महिन्यात ती साडेपाच ते साडेसात झाली. वेग ताशी चार-पाच किलोमीटर, फेरी तीनएक किलोमीटरची. वेस्ट हायकोर्ट रोडवरच्या गर्दीत ही गाडी न्यायची नाही, हे आम्ही सुरुवातीलाच मान्य केले. झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना त्या आजही ऑटोने जातात.

बॅटरीचा प्रसंग

दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॅडम मुलाकडे गेल्या आणि जूनच्या मध्याला परतल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी बँकेची फेरी झाली होती आणि गाडी तशीच, अर्धी उतरलेली, व्हरांड्यात लागली. व्हरांड्याचे छप्पर पत्र्याचे आहे. नागपूरचा मे, वर पत्रा, आणि दहा आठवडे कोणी चार्जिंगला लावलेली नाही. परतल्यावर चार्जर लावला तर अर्ध्या तासातच हिरवा दिवा लागला, आणि सगळ्यांना बरे वाटले. दुसऱ्या सकाळी गाडी अंगणातून नीट निघाली, काटा पूर्ण भरलेला होता. रँपच्या पायथ्याशी चढायला लागताच काटा एकदम लाल पट्ट्यात पडला आणि गाडी थांबली.

यात चार्जरचा दोष नव्हता. या गाडीत १२ व्होल्टच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. तशा बॅटरीत व्होल्टेज झटकन वर चढते, चार्जरला ती भरल्यासारखी वाटते, पण आत साठा होतच नाही. उष्णतेने हे सगळे वेगाने होते. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, हा जुना अनुभवाचा नियम आहे. मल्टीमीटर लावून पाहिले: उभ्या गाडीत २५.१ व्होल्ट, आणि भार देताच २१ च्या खाली. दोनपैकी एक बॅटरी भाराखाली १०.२ वर येत होती.

इथे माझी चूक नोंदवणे आवश्यक आहे. रोज चार्ज करा, पूर्ण रात्र लावा, हे मी मॅडमना तोंडी सांगितले होते. पण घर बंद असेल तेव्हा काय, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. त्या वर्षी उन्हाळ्यात त्या मुलाकडे जाणार आहेत, हे मला माहीत होते.

जवळच्या बॅटरीवाल्याने इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ‘बसवून देतो’ म्हटले, ते आम्ही नाकारले. ती आकाराने बसली नसतीच, शिवाय तिच्यातले आम्ल चढउतारावर सांडते. मोटारगाडीची स्टार्टरची बॅटरीही चालत नाही, कारण ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनलेली असते, तासन्‌तास हळूहळू उतरण्यासाठी नव्हे. सीलबंद, खोलवर उतरण्यासाठीच बनवलेल्या, ३५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच महिन्याच्या घेतल्या. बिघडलेली एकच बदलली तर जुनी नवीला ओढत खाली आणते, म्हणून जोडीच बदलावी लागते. तारा सोडवण्याआधी जोडणीचा फोटो काढला. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यालाच परत दिल्या.

झाकण उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जिची मी कल्पना केली नव्हती. जोडणीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. पहिल्या उन्हाळ्यात व्हरांड्याच्या खिडकीत कूलर होता आणि त्याची ओली हवा दिवसभर गाडीवर येत होती. टोके घासून, कोरडी करून त्यांना व्हॅसलीन लावले, आणि गाडीची जागा व्हरांड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पूर्वेच्या भिंतीलगत हलवली. पत्र्याखाली बांबूच्या चटईचे छत बांधले. तिथे सहा अँपिअरचा साधा सॉकेट घेतला. एका पूर्ण चार्जिंगला साधारण सव्वा युनिट वीज लागते, तेव्हा वेगळ्या जाड तारेची गरज नव्हती.

आताची देखभाल

मॅडमनी शंभर पानी वही केली आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगवहीसारखेच त्यात रकाने आहेत. प्रत्येक फेरीनंतर गाडी अर्धा तास थंड होऊ देतात, मग रात्रभर लावतात. महिन्यातून एकदा, चार्जर काढून काही तास झाल्यावर, मल्टीमीटरने दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे वेगवेगळे लिहितात. ते मोजायला त्या स्वतः शिकल्या. दोन आकड्यांत फरक वाढू लागला तर मला कळवायचे, हे ठरले आहे. बाहेरगावी जाताना गाडी पूर्ण चार्ज करून किल्ली काढतात, आणि घरी कामाला येणाऱ्या ताई दर दुसऱ्या रविवारी ती एक रात्र लावून वहीत सही करतात.

दर सोमवारी रँपच्या मध्यावर गाडी थांबवून त्या हँडलवरचा गती देणारा खटका सोडतात. ब्रेक लागल्याचा ‘टक्’ आवाज यायला हवा आणि गाडी बोटभरही मागे सरकता कामा नये. टायरमधली हवा मात्र पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरू देत नाहीत. एवढ्याशा ट्यूबमध्ये हवा दोन सेकंदांत जास्त होते आणि ट्यूब फुटते, हे एकदा झाले आहे. आता घरी मीटर असलेला पायाचा पंप आहे आणि टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारा द्राव घातला आहे. पावसात गाडी बाहेर काढत नाहीत. अचानक सर आली तर हँडलवरचा काटा आणि किल्लीची जागा झाकायला टोपलीत प्लास्टिकची पिशवी असते. गाडी पाण्याच्या पाइपने कधी धूत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात, कारण सीटखाली कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग, आहे आणि त्याची दुरुस्ती नागपुरात सहज होत नाही. मोटारीचे कार्बन ब्रश वर्षातून एकदा विक्रेत्याचा मेकॅनिक पाहतो.

नव्या बॅटऱ्यांचा हा दुसरा उन्हाळा आहे. मेच्या शेवटच्या नोंदीत दोन्ही आकडे १२.७ आणि १२.७ आहेत. खांदा पूर्वीपेक्षा बरा आहे, कुबडी घरातल्या अकरा पावलांपुरती उरली आहे. घरामागच्या गल्लीतला रस्ताही आता सिमेंटचा व्हायचा आहे, आणि बाजाराकडे जाण्याचा मॅडमचा जवळचा मार्ग तिथूनच आहे. मागच्या आठवड्यात त्या स्कूटर घेऊन तिथे गेल्या, आखणी करणाऱ्या माणसाला थांबवून नवा रस्ता किती सेंटिमीटर वर येणार हे विचारले, आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहून मला पाठवला.